भिरंडाच्या आम्लातून स्त्रियांसाठी संरक्षक जेल होईल का?

गोव्यातल्या साखळीजवळच्या गावात राहणारी, औषधनिर्माणशास्त्रात पदव्युत्तर अभ्यास करणारी एक विद्यार्थिनी विचारते: "मॅडम, भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सालीत भरपूर आम्ल असतं. ते वापरून योनीमार्गात लावायचं असं जेल बनवता येईल का, ज्यामुळे बाईला लैंगिक संबंधांतून होणारे संसर्ग टाळता येतील, तेही नवऱ्याला न विचारता? मला प्रकल्पासाठी हा विषय घ्यायचा आहे. आणि जगभर इतकी वर्षं संशोधन चालू असताना फार्मसीत असं एकही जेल का मिळत नाही?"

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण भिरंडाचं काय होणार हे त्याच्याच उत्तरात आहे.

एचआयव्ही किंवा इतर लैंगिक संसर्ग टाळण्यासाठी भारत, युरोप किंवा अमेरिकेच्या औषध नियामकाने मान्यता दिलेलं एकही योनी-जेल आज नाही. प्रयत्न कमी पडले म्हणून नव्हे. १९९० मध्ये झेना स्टाइन या साथरोगतज्ज्ञ बाईंनी लिहिलं की निरोध वापरायचा की नाही हे पुरुष ठरवतो, तेव्हा बाईच्या स्वतःच्या हातात राहील असं साधन शोधलंच पाहिजे. पुढच्या पंचवीस वर्षांत आफ्रिकेतल्या, भारतातल्या, थायलंड-अमेरिकेतल्या हजारो स्त्रिया चाचण्यांत उतरल्या आणि एकेक जेल गळत गेलं. माझी नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत मलमं, क्रीम आणि जेल बनवण्यात गेली. त्यामुळे या सगळ्या इतिहासात मी दोनच गोष्टी शोधते: बनवलेल्या जेलने आतल्या त्वचेचं आणि तिथल्या जंतूंचं काय केलं, आणि त्या बाईने ते वापरलं का. जिथे जिथे जेल पडलं तिथे बहुतेकदा या दोनपैकी एक तरी उत्तर वाईट निघालेलं दिसतं.

पहिलं मोठं नाव नॉनऑक्सिनॉल-९. शुक्राणू मारायला ते आधीपासून विकलं जात होतं आणि काचेच्या नळीत एचआयव्हीही मारत होतं, म्हणून सगळ्यांना वाटलं की काम निम्मं झालंच. बेनिन, आयव्हरी कोस्ट, दक्षिण आफ्रिका आणि थायलंड इथल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये त्याची चाचणी झाली. २००० साली डर्बनच्या एड्स परिषदेत निकाल सांगितला गेला तेव्हा सभागृह हादरलं असणार: अंतिम मोजणीत औषधाच्या गटात ५९ जणींना लागण झाली होती, प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या जेलच्या, गटात ४५ जणींना, आणि ज्या दिवसातून अनेकदा वापरत होत्या त्यांना धोका सर्वांत जास्त होता. कारण सरळ आहे. नॉनऑक्सिनॉल-९ हा साबणाच्या जातीचा पदार्थ. विषाणूचं स्निग्ध आवरण तो फोडतो आणि योनीच्या पेशींचं आवरणही तितक्याच सहजतेने फोडतो. सोललेल्या अस्तरातून विषाणू आत शिरायला वाट मिळते, आणि दाह झाला की ज्या पांढऱ्या पेशींना एचआयव्ही पकडतो त्याच तिथे गोळा होतात.

हे मी तुला मुद्दाम सविस्तर सांगते, कारण वनस्पतींच्या अर्कांवर काम करणारे विद्यार्थी माझ्याकडे येतात तेव्हा "मॅडम, नैसर्गिक आहे" हे वाक्य पुरावा म्हणून पुढे करतात. रिठ्यातलं सॅपोनिन नैसर्गिकच आहे, आणि ते साबणच आहे.

त्यानंतर आले मोठ्या रेणूंचे, ऋण विद्युतभार असलेले बहुवारिक पदार्थ, म्हणजे पॉलिमर. विषाणूला चिकटून त्याला पेशीपर्यंत पोचू द्यायचं नाही, ही त्यांची कल्पना. सेल्युलोज सल्फेटची चाचणी आफ्रिकेत तीन आणि भारतात दोन ठिकाणी चालली होती; भारतातली ठिकाणं चेन्नई आणि आपल्याला फार लांब नसलेलं बागलकोट. जेलच्या गटातच लागण जास्त दिसू लागली म्हणून जानेवारी २००७ मध्ये ती थांबवली. कॅराजीनन हे लाल समुद्री शेवाळातून काढलेलं द्रव्य. त्याचं जेल दक्षिण आफ्रिकेत ६२०२ स्त्रियांवर तपासलं गेलं. २००८ मध्ये निकाल आला: सुरक्षित, पण एचआयव्हीपासून संरक्षण नाही. त्या चाचणीत वापरलेले ॲप्लिकेटर, म्हणजे जेल आत घालायच्या नळ्या, परत मागवून त्यांना रंग लावून पाहत, कारण खरोखर आत घातलेल्या ॲप्लिकेटरवर श्लेष्माचे डाग रंगतात. त्यावरून हिशेब निघाला की संबंधांच्या सुमारे ४२ टक्के वेळाच जेल वापरलं गेलं होतं. प्रो २००० नावाच्या जेलने फेब्रुवारी २००९ मध्ये ३० टक्के घट दाखवली, संख्याशास्त्राच्या कसोटीला न उतरणारी. लोक तरी आनंदले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ९३८५ स्त्रियांच्या मोठ्या चाचणीत तो आनंद संपला. काहीही परिणाम नव्हता.

मग दिशा बदलली. विषाणूला बाहेर अडवण्याऐवजी पेशीच्या आत औषध पोचवायचं ठरलं. एड्सच्या उपचारातलंच टेनोफोविर एक टक्का प्रमाणात जेलमध्ये घातलं गेलं. क्वारैशा आणि सलीम अब्दुल करीम या दाम्पत्याच्या गटाने क्वाझुलू-नाताळमध्ये ८८९ स्त्रियांवर चाचणी केली: संबंधाआधी बारा तासांच्या आत एक मात्रा, नंतरच्या बारा तासांत दुसरी. जुलै २०१० मध्ये व्हिएन्नात त्यांनी निकाल मांडला. एचआयव्हीची लागण ३९ टक्क्यांनी कमी, जननेंद्रियांच्या नागिणीच्या विषाणूची, म्हणजे हर्पिस-२ ची, ५१ टक्क्यांनी कमी. ज्यांनी ८० टक्क्यांहून जास्त वेळा नीट वापरलं त्यांच्यात एचआयव्हीतली घट ५४ टक्के. जेल काम करू शकतं हे पहिल्यांदा माणसांत दिसलं होतं. आजही या क्षेत्रातला सर्वांत उजळ क्षण मी तोच मानते.

टिकला नाही. व्हॉइस नावाच्या चाचणीत ५०२९ स्त्रिया होत्या. काहींना रोज गोळी, काहींना रोज जेल. जेलचा भाग नोव्हेंबर २०११ मध्ये थांबवावा लागला, फरकच दिसत नव्हता. स्त्रिया सांगत होत्या की वापर चालू आहे, आणि परत आलेले रिकामे ॲप्लिकेटरही तेच सांगत होते. रक्तात मात्र जेलच्या गटात सुमारे चतुर्थांश नमुन्यांतच औषध सापडलं. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या फॅक्ट्स ००१ या चाचणीचा निकालही नकारात्मक आला. त्यातल्या बहुतेक तरुण मुली आई-वडिलांच्या, भावंडांच्या घरात राहत होत्या. खोली स्वतःची नाही, कपाट स्वतःचं नाही, आणि संबंध कधी येईल ते आधी माहीत नाही.

या मुलींना दोष देणारी वाक्यं मी परिषदांत ऐकली आहेत आणि ती मला मुळीच मान्य नाहीत. निरोगी बाईने, एका शक्यतेसाठी, लपवून, वेळ पाळून, चार मिलिलिटर ओलसर पदार्थ पुन्हा पुन्हा आत घालावा अशी अपेक्षा आपण आपल्या सोयीने ठरवली होती. वापरता न येणारं जेल हा औषधकर्त्याचा दोष आहे, त्याची दुरुस्तीही औषधकर्त्यानेच करायची.

आता तिसरं कारण, जे तुझ्या प्रकल्पासाठी सर्वांत मोलाचं आहे. २०१७ मध्ये निकोल क्लॅट आणि सहकाऱ्यांनी त्या ८८९ स्त्रियांपैकी बऱ्याच जणींचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले. ज्यांच्या योनीत लॅक्टोबॅसिलस या उपयोगी जंतूंचं राज्य होतं त्यांच्यात टेनोफोविर जेलने लागण ६१ टक्क्यांनी कमी केली होती. ज्यांच्यात लॅक्टोबॅसिलस मागे पडून गार्डनेरेलासारखे जंतू वाढले होते, त्यांच्यात घट अवघी १८ टक्के. गार्डनेरेला टेनोफोविर स्वतःच खाऊन संपवत होता. पेशींना मिळण्याआधीच औषध नाहीसं होत होतं.

हे आफ्रिकेतलं म्हणून बाजूला ठेवू नकोस. आपल्याच बार्देशात, हळदोण्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या सुमारे २५०० स्त्रियांची तपासणी केली होती. निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. प्रयोगशाळेत सिद्ध झालेला प्रजननमार्गाचा संसर्ग २८ टक्के स्त्रियांत होता. पण क्लॅमिडिया, गनोरिया, ट्रायकोमोनास असे लैंगिक संबंधांतून येणारे संसर्ग सगळे मिळून चार टक्क्यांच्या आसपास. बाकीचा मोठा भाग बॅक्टेरियल व्हजायनोसिसचा, म्हणजे हेच लॅक्टोबॅसिलस मागे पडण्याचं दुखणं: जवळजवळ १८ टक्के. त्याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. "अंगावरून पांढरं जातं" ही तक्रार आणि प्रत्यक्ष संसर्ग यांचा मेळ फारसा बसत नव्हता. तक्रारीचा संबंध मनावरच्या ताणाशी, खचलेपणाशी जास्त घट्ट होता. म्हणजे गोव्यातल्या खेड्यात बाई काय सांगते, तिच्या शरीरात काय आहे आणि आपण तिला काय देतो, या तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. जेल बनवणाऱ्याने हे तीनही माहीत करून घ्यायला हवं.

आता भिरंड.

तुझ्या कल्पनेमागचं शास्त्र चुकीचं नाही. निरोगी योनीचा पीएच ३.५ ते ४.५ असतो, तो लॅक्टोबॅसिलसने बनवलेल्या लॅक्टिक आम्लामुळे. वीर्याचा पीएच सातच्या वर, आणि त्यात आम्लाला पुरून उरण्याची ताकद असते. संबंधानंतर काही तास योनीतली आम्लता मोडते आणि तेवढ्यात जंतूंना संधी मिळते. तेव्हा जेलने आम्लता टिकवावी, ही कल्पना आधीही अनेकांना सुचली. बफरजेल नावाचं जेल असं रचलं होतं की ते स्वतःच्या दुप्पट वीर्याला आम्लधर्मी करील. प्रयोगशाळेत ते केलंही. एचआयव्हीच्या चाचणीत उपयोग झाला नाही. अमेरिकेत २०२० मध्ये लॅक्टिक आम्ल, सायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम बायटार्ट्रेट यांचं एक जेल गर्भनिरोधक म्हणून मान्य झालं. त्याआधी २०१९ मध्ये दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत त्याच जेलने क्लॅमिडिया निम्म्याने आणि गनोरिया त्याहून जास्त कमी केल्याचं दिसलं होतं. सगळ्यांचे डोळे तिसऱ्या टप्प्याकडे लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये निकाल आला: क्लॅमिडिया नाही, गनोरियाही नाही. वीर्य थोपवायला पुरे पडणारी आम्लता या जंतूंना थोपवायला पुरली नाही.

लिंबाच्या रसाचीही कथा अशीच. काही वर्षांपूर्वी त्याचा बराच गाजावाजा झाला. विषाणू मरेल इतका तीव्र रस घेतला की पेशीही मरत होत्या, आणि पेशींना सोसेल इतका पातळ केला की विषाणू जगत होता.

भिरंडाच्या सालीत मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक. लॅक्टिक आम्लाचा विषाणूंवर जो वेगळा परिणाम दिसतो तो निव्वळ पीएचचा नाही. त्याच पीएचला इतर आम्लं तितकी प्रभावी ठरत नाहीत. म्हणजे सायट्रिकच्या या भावंडाकडून तीच अपेक्षा धरता येत नाही. शिवाय साल झाडागणिक, हंगामागणिक बदलते. बाजारातली सोलं मीठ लावून सुकवलेली असतात. तो मिठाचा भाग तुझ्या जेलची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण, कुठच्या कुठे नेईल. आणि रंग! भिरंडाचा लाल रंग अँथोसायनिनचा, पीएच बदलला की तोही बदलतो आणि कपड्यावर बसतो. पाळी नसताना आतल्या कपड्यावर लाल डाग दिसला तर बाई घाबरेल, सासू विचारील, आणि जेल दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाईल. संसर्ग टाळणारं औषध म्हणून भिरंडाचं आम्ल घेऊ नकोस, असंच माझं मत आहे. आमसुलाचं सार करायला ते उत्तम आहे.

पण विषय सोडू नकोस. तुझ्यासारख्या मुलीने जिथे हात घालावा अशी जागा जेलचा पाया ही आहे, ज्याला आपण बेस म्हणतो. तिकडे फार कमी विद्यार्थी वळतात, कारण प्रबंधाच्या शीर्षकात ती चमकत नाही.

ऑस्मोलॅलिटीचं उदाहरण घे. योनीतल्या द्रवाची ऑस्मोलॅलिटी साधारण रक्तासारखीच, किलोमागे ३०० मिलिऑस्मोलच्या आसपास. सुरुवातीच्या टेनोफोविर जेलमध्ये २० टक्के ग्लिसरीन होतं, आणि त्याची ऑस्मोलॅलिटी ३००० च्या वर होती. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की जे पाणी सुटतं तेच अशा जेलखाली पेशींचं होतं: पाणी बाहेर ओढलं जातं, पेशी आक्रसतात, वरचा थर सुटतो. बाजारातल्या कितीतरी वंगण-जेलची हीच स्थिती आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये वंगणांसाठी सांगितलं की ऑस्मोलॅलिटी ३८० च्या आत असावी, अगदीच जमलं नाही तर १२०० च्या पुढे जाऊ नये, आणि पीएच ४.५ च्या आसपास हवा. कागदावर हिशेब करून पाहा: पाच टक्के ग्लिसरीन घातलंस की एकट्या ग्लिसरीनचेच सुमारे ५७० मिलिऑस्मोल होतात. प्रॉपिलिन ग्लायकॉलचा रेणू तर आणखी लहान, त्यामुळे तेवढ्याच वजनाला आकडा आणखी वाढतो. ओलावा टिकवायला म्हणून आपण सवयीने हे पदार्थ ओततो. दोन टक्क्यांच्या आत राहून, बाकीची कसर योग्य प्रमाणातल्या मिठाने भरून काढ.

घट्टपणासाठी कार्बोमर घ्यायचा मोह होईल. तो स्वच्छ, चकचकीत दिसतो. पण क्षार मिळाले की त्याची दाटी कोसळते, आणि योनीद्रवात व वीर्यात क्षारच असतात. जेल वाहून बाहेर येतं, बाईला ओलं-ओलं वाटतं, ती ते बंद करते. हायड्रॉक्सिइथाइल सेल्युलोज विद्युतभाररहित असल्यामुळे क्षारांना बधत नाही. चाचण्यांमध्ये जगभर वापरलं गेलेलं प्लासिबो जेल याचंच: साधारण २.७ टक्के हायड्रॉक्सिइथाइल सेल्युलोज, मीठ, थोडं सॉर्बिक आम्ल, पीएच ४.४. तिथून सुरुवात कर. जेल पाण्यात तपासून भागत नाही. कृत्रिम योनीद्रव आणि कृत्रिम वीर्य यांत मिसळून दाटी, पीएच आणि पसरण्याची क्षमता मोज. आपल्याकडच्या पावसाळ्याचाही विचार हवा. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवायची वेगवान स्थिरता चाचणी पुस्तकात सगळे वाचतात. बंद ट्यूबमध्ये जेल टिकलं तरी एकदा उघडल्यावर, न्हाणीघराच्या फळीवर, जुलैच्या दमटपणात काय होतं तेही पाहा. एका वेळेचा भरलेला ॲप्लिकेटर महाग पडतो, पण बहुतेक वेळा तोच सुरक्षित.

पुढची पायरी जंतू आणि पेशी. लॅक्टोबॅसिलस क्रिस्पाटस तुझ्या बेसमध्ये जगतो का? नसेल जगत, तर आत कुठलंही औषध असलं तरी ते जेल नको. योनीच्या पेशींच्या वाढवलेल्या थरावर पेशी किती टिकतात, इंटरल्यूकिन-६ आणि -८ सारखे दाहाचे संकेत वाढतात का, हे बघायचं. लॅटेक्सच्या निरोधाची ताकद जेलमुळे कमी होत नाही ना, हेही. कारण अशा कुठल्याही जेलबरोबर निरोध वापरायचाच असतो. पेशींवरच्या या सूक्ष्म, महागड्या चाचण्या नॉनऑक्सिनॉलनंतर आल्या. त्या वेळी दुर्बिणीतून दिसणाऱ्या जखमाच तेवढ्या मोजल्या जात, आणि जखम दिसत नाही म्हणजे इजा नाही असा समज होता.

यापुढे जायचं तर कुठे? माझ्या मते दोन वाटा खुल्या आहेत. एक, लॅक्टोबॅसिलस परत आणायचा. व्हजायनोसिसवर प्रतिजैविक दिलं तरी कितीतरी जणींना ते पुन्हा उलटतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत, प्रतिजैविकानंतर जिवंत लॅक्टोबॅसिलस क्रिस्पाटस दिल्यावर बारा आठवड्यांत उलटण्याचं प्रमाण ४५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आलं. ते उत्पादन भुकटीचं होतं, जेल नव्हे, कारण पाण्यात जिवंत जंतू टिकवणं अवघड. भुकटी, विरघळणारी पट्टी, किंवा वापरायच्या वेळी भिजणारं जेल: इथे औषधनिर्माणाचं खरं कसब लागतं. ज्या प्रदेशात दर सहा स्त्रियांत एकीला हा त्रास आढळला, तिथे यावर काम व्हायलाच हवं. दुसरी वाट कॅराजीननची. एचआयव्हीला ते थोपवू शकलं नाही, पण प्रयोगशाळेत एचपीव्हीला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागच्या विषाणूला, ते फार कमी प्रमाणातही अडवतं, आणि माँट्रियलमध्ये तरुण स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात नव्या एचपीव्ही संसर्गात काही प्रमाणात घट दिसली. समुद्री शेवाळं ओळखणारी माणसं तुला दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत भेटतील. सिंधुदुर्गाच्या आणि आपल्या खडकाळ किनाऱ्यावर लाल शेवाळं आहेतच. कुठल्या जातीतून कुठल्या प्रकारचं कॅराजीनन मिळतं हे आधी त्यांना विचार.

एचआयव्हीपुरतं बोलायचं तर जेलची जागा आता दुसऱ्या साधनांनी घेतली आहे. डॅपिव्हिरीन या एचआयव्हीविरोधी औषधाची सिलिकोनची कडी महिनाभर आत राहते. २०१६ मधल्या दोन चाचण्यांत तिने लागण सुमारे ३० टक्क्यांनी कमी केली, आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. २०२४ मध्ये तर लेनाकापाविरच्या सहामाही इंजेक्शनाने दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २१३४ तरुण स्त्रियांपैकी एकीलाही लागण होऊ दिली नाही. वर्षातून दोनदा टोचून घेणं त्या मुलींना जमलं. गनोरिया-क्लॅमिडियासाठी मात्र स्त्रियांच्या हातात असं काही आलेलं नाही. केनियात संबंधानंतर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देऊन पाहिलं, तिथेही केसांच्या तपासणीत बहुतेक भेटींना औषध घेतल्याची खूण मिळाली नाही. म्हणून जेल किंवा पट्टीची गरज अजून आहे, आणि ती गर्भनिरोधाबरोबर जोडलेली असली तर बायका वापरतील असं मला वाटतं. गर्भ राहू नये ही काळजी रोजची असते, संसर्गाची नसते.

"नवऱ्याला न विचारता" हा तुझा शब्द मी विसरलेले नाही. गोव्यात या गोष्टीला इतिहास आहे. १९८९ मध्ये डॉमनिक डिसोझा या तरुणाला एचआयव्ही आहे म्हणून पोलिसांकरवी उचलून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस डांबून ठेवलं होतं, तेही कायद्याच्या आधाराने. त्याच्या आईला, लुसी डिसोझा यांना, उच्च न्यायालयात जावं लागलं. त्या धाकाची सावली पुढच्या पिढीवरही पडते. वाड्यावर प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, फार्मसीवाला नात्यातला निघतो. तुझ्या पाकिटावर "लैंगिक रोग" असं छापलेलं असेल तर ते कुणी मागणार नाही. दुसरीकडे, संपूर्ण गुप्तपणाचं आश्वासनही देऊ नकोस. जेलने ओलावा वाढतो, जोडीदाराला तो जाणवतो. चाचण्यांत बऱ्याच स्त्रियांनी नवऱ्याला सांगून टाकलं, आणि कित्येक जोडप्यांना जेलमुळे संबंध सुखकर वाटला. हे सुखाचं अंग संशोधनात उशिरा विचारलं गेलं. तू पहिल्याच दिवशी विचार. एखाद्या आशाताईला बरोबर घे, बायकांच्या बैठकीत बस, रिकामा ॲप्लिकेटर हातात दे आणि त्यांना बोलू दे: कुठे ठेवाल, कधी वापराल, फेकाल कुठे. मी अशा बैठकांत बसले आहे; फेकायचं कुठे या एका प्रश्नावर रचना बदलावी लागते.

एक गोष्ट सक्तीची. तुझं जेल तू स्वतःवर, मैत्रिणीवर, बहिणीवर लावून पाहायचं नाही. विद्यार्थी असं करतात, आणि कुणाला सांगत नाहीत. माणसावर काहीही करायचं तर नैतिकता समितीची मान्यता, २०१९ च्या नव्या औषध व चिकित्सा-चाचणी नियमांप्रमाणे परवानगी, आणि चाचणीची सार्वजनिक नोंदणी हवी. आयुर्वेदिक म्हणून परवाना काढून हे सगळं टाळता येईल असं कुणी सुचवलं तर त्या माणसापासून लांब राहा. गुप्तरोग बरा होण्याच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहेच.

आणि तुला कुणी वाड्यावर विचारलं की आज काय करायचं, तर हे सांग. निरोध. मुलींना एचपीव्हीची लस. आत धुवायचं नाही, साबण नाही, "इंटिमेट वॉश" आत घालायचं नाही, कारण त्याने लॅक्टोबॅसिलसच जातो. वास, खाज, जखम, ओटीपोटात दुखणं असेल तर सरकारी रुग्णालयातलं सुरक्षा क्लिनिक. तिथे औषधाचे संच फुकट मिळतात, आणि लैंगिक संसर्ग असेल तर नवऱ्यालाही औषध घ्यावंच लागतं, नाहीतर तो पुन्हा येतो. धोका खरोखर मोठा असेल तर एचआयव्ही टाळण्याची रोजची गोळी भारतात आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. १०९७ या क्रमांकावर नाव न सांगता विचारता येतं.

प्रकल्पाचं शीर्षक बदल. हायड्रॉक्सिइथाइल सेल्युलोजचा बेस आणि त्यात कॅराजीनन, एवढंच ठेव. किंवा जिवंत लॅक्टोबॅसिलसची भुकटी, जी तुझ्या मार्गदर्शकांना झेपेल ती. भिरंडाचा अर्क हवाच असेल तर तुलनेसाठी एक नमुना म्हणून ठेव, म्हणजे लॅक्टोबॅसिलसवर त्याचा काय परिणाम होतो ते आकड्यांत छापता येईल; तेवढंही उपयोगी आहे, कारण कुणीतरी पुन्हा ही कल्पना घेऊन येणारच. पहिल्या सत्रात पेशींच्या चाचण्यांवर पैसे घालवू नकोस. आधी ऑस्मोलॅलिटी, पीएच, कृत्रिम वीर्यात मिसळल्यानंतरची दाटी, आणि क्रिस्पाटसची चोवीस तासांची मोजणी. हे चार तक्ते तयार झाले की मला पाठव, पुढच्या चाचण्या त्यावरून ठरवू.